वेगळे धर्म, एकच लग्नघर : ‘आय कान्ट थिंक स्ट्रेट’ आणि ‘संचारम्’ यांतील स्त्रीप्रेमाचा विचार

भिन्न धर्मांतील दोन व्यक्तींचे प्रेम हा भारतीय कथनपरंपरेला अपरिचित विषय नाही. दोन घरांचे वैर, धर्मांतराचा प्रश्न, पळून जाणे, पंचांचा किंवा न्यायालयाचा हस्तक्षेप आणि शेवटी मृत्यू अथवा समेट, असा त्याचा सांगाडा वाचकाच्या मनात तयारच असतो. प्रेम करणाऱ्या दोन्ही व्यक्ती स्त्रिया असल्या म्हणजे समीक्षक याच सांगाड्यात आणखी एक अडसर बसवतो. धर्माचे बंधन अधिक लिंगाचे बंधन, म्हणून दुहेरी बंधन; एवढी बेरीज मांडली की विवेचन पूर्ण झाले असे समजले जाते. ही बेरीज दिसायला निर्दोष आहे. परंतु प्रत्यक्ष कलाकृतींकडे पाहिले असता ती टिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

विवेचनासाठी मुख्यतः दोन कलाकृती घेतल्या आहेत. शमीम सरीफ यांचा ‘आय कान्ट थिंक स्ट्रेट’ हा इंग्रजी चित्रपट २००८ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच नावाची त्यांची कादंबरीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. लिजी जे. पुल्लप्पल्ली यांचा ‘संचारम्’ हा मल्याळम चित्रपट २००४ चा. पहिल्यात जॉर्डनमधील पॅलेस्टिनी ख्रिस्ती घराण्यातील ताला आणि लंडनमधील भारतीय वंशाच्या मुसलमान घरातील लैला. दुसऱ्यात केरळमधील एका गावातील नायर घराण्याची किरण आणि शेजारच्या कॅथलिक घरातील डेलायला. दोन्ही चित्रपटांच्या दिग्दर्शिका स्त्रिया आहेत, दोघींचेही घर एका खंडात आणि मूळ दुसऱ्या खंडात आहे, आणि दोन्ही कथानकांवर नायिकांपैकी एकीच्या लग्नाचा मांडव प्रारंभापासून अथवा मध्यापासून घातलेला आहे. या शेवटच्या साम्याला मी सर्वाधिक महत्त्व देतो.

बेरजेतील अडचण

आंतरधर्मीय विवाहाला होणारा विरोध नेमका कशाचा असतो, हे आधी पाहणे आवश्यक आहे. तो दोन श्रद्धांमधील तात्त्विक विरोध क्वचितच असतो. ज्यांना आपल्या धर्मग्रंथाचे एक पानही ठाऊक नाही असे लोक त्या विरोधात अग्रभागी असतात, हा सर्वांच्याच अनुभवाचा भाग आहे. हा विरोध एका हस्तांतराचा असतो. मुलगी एका समुदायातून दुसऱ्या समुदायात जाणार, तिची संतती दुसऱ्या समुदायाची गणली जाणार, तिच्यासोबत जाणारे धन किंवा जमीन दुसऱ्या घरात जाणार, हे त्याचे मर्म. म्हणूनच हे नियम पुरुषाला व स्त्रीला सारखे लागू नसतात. तालाच्या जॉर्डनचेच उदाहरण घेता येईल. तेथे विवाहाचा विषय त्या त्या धर्मसमुदायाच्या न्यायालयाकडे आहे आणि नागरी विवाहाची सोय नाही. मुसलमान पुरुष ख्रिस्ती स्त्रीशी विवाह करू शकतो. मुसलमान स्त्रीला मात्र ख्रिस्ती पुरुषाशी विवाह करता येत नाही. पती कोण आणि पत्नी कोण हे निश्चित झाल्याखेरीज हा नियम वाचताच येत नाही.

मग जेथे पती कोणीच नाही तेथे हा नियम कोठे उभा राहणार? ख्रिस्ती ताला आणि मुसलमान लैला यांच्या संबंधात कोणी कोणाच्या घरी जाणार, मुले कोणाच्या धर्माची होणार, धर्म कोणी बदलायचा, हे सारे प्रश्न निराधार होतात. परधर्मीय जावई किंवा परधर्मीय सून यांना नाकारण्यासाठी समाजाजवळ शब्द आहेत, रीती आहेत, शिव्याही आहेत. येथे येणारी व्यक्ती जावई नाही आणि सूनही नाही. त्यामुळे दोन्ही कलाकृतींत एक चमत्कारिक गोष्ट घडते. धर्मभेदाचा एवढा गाजावाजा असूनही, प्रेम उघडकीस आल्यानंतर घरातील माणसे धर्माविषयी फारसे बोलत नाहीत. मुलगी परधर्मीय व्यक्तीवर प्रेम करते हा आक्षेप मागे पडतो आणि मुलगी लग्न करणार नाही हा आक्षेप पुढे येतो. दोन बंधनांची बेरीज होण्याऐवजी एक बंधन दुसऱ्याला गिळून टाकते. कलाकृतींचे मूल्यमापन करताना या क्रियेकडे लेखिकेने किती डोळसपणे पाहिले आहे, हा निकष येथे लावला आहे.

कोणी कोणाला प्रश्न विचारायचा

‘आय कान्ट थिंक स्ट्रेट’ हे शीर्षक एक श्लेष आहे. ‘स्ट्रेट’ म्हणजे सरळ, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ भिन्नलिंगी आकर्षण असलेली व्यक्ती. ‘मला सरळ विचार करता येत नाही’ या तक्रारीतच नायिकेच्या प्रकृतीची कबुली दडलेली आहे. शीर्षकाचा हा खेळकरपणा संपूर्ण कृतीवर पसरला आहे. सरीफ यांचा जन्म लंडनचा, कुटुंब दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचे. त्यांच्या जोडीदार आणि चित्रपटाच्या निर्मात्या हनान कत्तान या पॅलेस्टिनी-जॉर्डेनियन ख्रिस्ती घरातील. कथेला आत्मचरित्राचा आधार आहे हे लेखिकेने लपवलेले नाही. तथापि लेखिकेच्या आयुष्यात काय घडले यावरून कृतीची सत्यता सिद्ध होत नाही, आणि येथे तो आधार घेतलेला नाही.

कथानक थोडक्यात असे. तालाचा हा चौथा वाङ्‌निश्चय आहे. आधीचे तीन तिने मोडले आहेत. अम्मानमधील श्रीमंत आईवडील रीमा आणि ओमर या वेळी लग्न पार पडणारच अशा निर्धाराने तयारीला लागले आहेत. लंडनमध्ये तालाचा मित्र अली आपल्या मैत्रिणीची, म्हणजे लैलाची, तिच्याशी ओळख करून देतो. लैला वडिलांच्या विमा व्यवसायात काम करते आणि लेखिका होऊ इच्छिते. पहिल्याच भेटीत ताला तिला तिच्या धर्माविषयी छेडते. तू मुसलमान आहेस ती विचारपूर्वक की केवळ जन्माने, असा त्या प्रश्नाचा रोख आहे. लैला गोंधळते, दुखावते आणि आकर्षितही होते. पुढे ऑक्सफर्डच्या सहलीत दोघी एकमेकींच्या होतात. नंतर ताला लग्नासाठी अम्मानला परतते आणि लैला एकटी राहते.

या पहिल्या भेटीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. धर्मभेद येथे भिंत म्हणून येत नाही. तो दोघींना बोलायला लावणारा विषय म्हणून येतो. एकाच धर्माच्या दोन मुली भेटल्या असत्या तर हा प्रश्न उपस्थितच झाला नसता, आणि हा प्रश्न नसता तर लैला जागी झाली नसती. भेद हा अंतर निर्माण करणारा असतो या रूढ समजुतीला सरीफ यांनी अगदी सहजपणे छेद दिला आहे. हे श्रेय त्यांना निःसंशय दिले पाहिजे.

पण या प्रसंगात एक असमतोलही आहे. प्रश्न फक्त लैलाला विचारला जातो. तालाच्या ख्रिस्ती असण्याची परीक्षा कोणी घेत नाही. ती ख्रिस्ती आहे हे तिच्या घराच्या थाटातून आणि लग्नाच्या तयारीतून आपल्याला कळते, तिच्या मनातून नाही. इस्लाम हा उत्तर देण्यास बांधील असलेला धर्म आणि ख्रिस्ती धर्म हा उत्तर मागण्याचा अधिकार असलेला, अशी मांडणी पाश्चात्त्य प्रेक्षकाला २००८ च्या सुमारास अतिशय सोयीची होती. पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर तालाच्या घरातील भोजनाच्या टेबलावर जे वाद होतात त्यांत लेखिका अरब अनुभवाची बाजू निर्भयपणे मांडते. परंतु श्रद्धेच्या बाबतीत तिने सोपा मार्ग धरला आहे, असे मला वाटते.

मात्र पुढील कथानक हा असमतोल एका वेगळ्या रीतीने फेडते. जिला ‘तू विचार करतेस का’ असे विचारले गेले तीच आधी विचार करते. लैला आपल्या आईवडिलांना सत्य सांगते. आई कोसळते, आकांत करते. वडील तुलनेने शांत राहतात. प्रश्न विचारणारी ताला मात्र अम्मानमधील लग्नाच्या तयारीत अडकून राहते आणि लग्न अगदी तोंडावर आल्यावरच तिला ते मोडण्याचे धैर्य होते. वारशाने मिळालेल्या विचारांवरून दुसरीला टोचणारी स्त्री स्वतः वारशाने मिळालेल्या आयुष्यात सर्वाधिक रुतलेली आहे, हा या कृतीतील सर्वांत सूक्ष्म उपरोध आहे. दुर्दैवाने दिग्दर्शिकेला त्याचे महत्त्व पुरते कळलेले दिसत नाही. ती घाईने विनोदाकडे वळते. अली आणि लैलाची बहीण यास्मिन दोघींची पुन्हा गाठ घालून देतात आणि शेवट गोड होतो.

गोड शेवट हा दोष आहे असे मानण्याचे कारण नाही. स्त्री-स्त्री प्रेमाच्या कथांत मृत्यूची एवढी वहिवाट पडली आहे की दोन्ही नायिका शेवटपर्यंत जिवंत राहणे हीदेखील एक वाङ्मयीन कृती ठरते. प्रश्न आहे तो या शेवटाची किंमत कोणी दिली हा. ताला श्रीमंत आहे, लैला सुस्थितीत आहे, लंडनमध्ये स्वतंत्र निवास आहे. इंग्लंडमध्ये २००५ च्या डिसेंबरपासून समलिंगी जोडप्यांना नागरी भागीदारीची नोंदणी करता येत होती. घराने दार लावले तरी रस्त्यावर येण्याची वेळ दोघींवर येणार नाही. धर्मभेद आणि देशभेद या दोन्हींच्या काठावर पैशाची मऊ गादी अंथरली आहे.

या गादीबाहेर एकच पात्र आहे. ती म्हणजे तालाच्या घरातील कामवाली राणी. मालकीण रीमाच्या कॉफीत ती थुंकते, आणि प्रत्येक वेळी काहीतरी घडून तो पेला मालकिणीच्या ओठांपर्यंत पोहोचत नाही. चित्रपटभर हा विनोद पुन्हा पुन्हा येतो. प्रेक्षक हसतात. नावावरून ही स्त्री भारतीय उपखंडातील असावी. म्हणजे लैलाच्या पूर्वजांच्याच भूभागातील. दोन संस्कृतींच्या मीलनाची कथा सांगणाऱ्या चित्रपटात तिसऱ्या स्त्रीच्या वाट्याला थुंकण्यापलीकडे भाषा येत नाही. राणीची थुंकी हा या चित्रपटातील एकमेव असा राग आहे की ज्याचे पुढे कशातही रूपांतर होत नाही. सांस्कृतिक भेद प्रेमाने ओलांडता येतो, हे चित्रपटाचे प्रतिपादन राणीपर्यंत आले की गप्प होते.

लेकीचे घर, सासरचे घर

‘संचारम्’ या शब्दाचा अर्थ प्रवास, भ्रमण. मराठी कानाला मात्र तो ऐकताच दोन अर्थ सुचतात : एक अंगात येणारा संचार आणि दुसरा संचारबंदीतील संचार. मल्याळम शीर्षकात हे अभिप्रेत नसले तरी चित्रपटाला दोन्ही अर्थ लागू पडतात, एवढे सांगून पुढे जाऊ.

किरण लहानपणी आईवडिलांबरोबर दिल्लीहून केरळमधील वडिलोपार्जित घरी येते. शेजारच्या घरात डेलायला आहे. दोघी एकत्र वाढतात. वयात येताना किरणला आपल्या ओढीचे स्वरूप कळू लागते, आणि ती ते गिळून बसते. राजन नावाचा सहाध्यायी डेलायलावर अनुरक्त आहे; त्याला लिहिता येत नाही, किरणला येते. तो तिला आपल्या नावाने प्रेमपत्रे लिहून देण्याची गळ घालतो. एदमों रोस्तां यांच्या ‘सिरानो द बर्जराक’ (१८९७) या नाटकापासून ही युक्ती सर्वपरिचित आहे. तेथे लिहिणारा आपल्या कुरूपतेमुळे दुसऱ्याच्या नावाआड लपतो. किरणची अडचण निराळी आहे. तिच्या समाजात एका मुलीला उद्देशून लिहिलेल्या प्रेमपत्राखाली पुरुषाचीच सही संभवते. तिच्या शब्दांना सही उसनी घ्यावी लागते. डेलायला त्या शब्दांनी भारावते, ते कोणाचे आहेत हे तिला पुढे उमगते, आणि सही गळून पडते. तो क्षण पुल्लप्पल्ली यांनी कोणताही गाजावाजा न करता हाताळला आहे.

मराठी वाचकाला येथे विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही सुमित्रेची कथा आपल्यापर्यंत पोहोचते ती बापू या पुरुषाच्या तोंडून. मित्रा आणि नमा यांच्यात धर्मभेद नाही. दोघी एकाच मराठी महाविद्यालयीन वातावरणातील आहेत. तरीही मित्राचा शेवट मृत्यूत होतो. धर्माचे अंतर हेच या प्रेमांचे मुख्य संकट असते, तर मित्रा वाचावयास हवी होती.

तर मग ‘संचारम्’मध्ये दोन धर्म कशासाठी? केवळ केरळच्या निसर्गाला दिवा आणि मेणबत्ती यांची जोड म्हणून? चित्रपटावर हा आरोप करता येण्याइतका तो देखणा आहे हे मान्य केले पाहिजे. एम. जे. राधाकृष्णन यांचे छायाचित्रण कित्येक ठिकाणी आशयापेक्षा पुढे धावते. पण धर्मभेदाचे प्रयोजन त्याहून खोल आहे, आणि ते समजण्यासाठी या दोन समाजांतील मुलीच्या स्थानाचा थोडा इतिहास पाहावा लागेल.

नायर समाजात मरुमक्कत्तायम ही मातृवंशीय पद्धती रूढ होती. वंश आईकडून मोजला जाई. तरवाड म्हणजे एका मूळ स्त्रीच्या मुली, नाती आणि त्यांचे भाऊ यांचे समाईक घर. मुलगी लग्नानंतरही त्याच घरची राही. व्यवहार करणवर, म्हणजे ज्येष्ठ पुरुषाच्या हाती असे, त्यामुळे मातृवंश म्हणजे मातृसत्ता नव्हे, हे विसरता कामा नये. मद्रास इलाख्यातील १९३३ च्या कायद्याने या पद्धतीत विभाजनाला वाट मिळाली आणि केरळच्या १९७५ च्या कायद्याने संयुक्त कुटुंबपद्धतीच रद्द केली. घरे उरली, स्मृती उरली. किरण अशा घराची मुलगी आहे. वंश तिच्याकडून पुढे जायचा आहे.

ख्रिस्ती घरातील रीत याच्या नेमकी उलट. तेथे मुलगी लग्नाबरोबर घराबाहेर जाते, आणि तिचा वाटा हुंड्याच्या रूपाने तिच्याबरोबर जातो. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसल्यास मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळे. मेरी रॉय यांनी या कायद्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये तो निष्प्रभ ठरवून १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. कायदा बदलला म्हणून रीत लगेच बदलते असे नाही.

आता दोन्ही घरे शेजारी ठेवून पाहावीत. एका घराला मुलगी हवी आहे ती घरात राहून वंश चालविण्यासाठी. दुसऱ्या घराला ती द्यायची आहे, घराबाहेर. एकीने थांबायचे, दुसरीने जायचे. प्रथा परस्परविरोधी आहेत, देव वेगळे आहेत, पोशाख आणि जेवणही वेगळे आहे. पण दोन्ही प्रथांना चालायला एक पुरुष लागतो. राजनने गुपित फोडल्यानंतर दोन्ही घरे जी भाषा बोलू लागतात ती एकच आहे. डेलायलाचे लग्न सेबास्टियन नावाच्या तरुणाशी तातडीने ठरते. मुलीवर संकट आले की त्यावर उपाय काय, याविषयी मंदिर आणि चर्च यांच्यात कोणताही मतभेद उरत नाही.

दोन धर्म शेजारी ठेवल्यामुळेच हे दिसते. कथा एकाच समाजात घडली असती तर प्रेक्षकाने दोष त्या समाजाच्या खात्यावर टाकला असता : ख्रिस्ती पाळकांचा कर्मठपणा, किंवा नायर घराण्याचा अभिमान. ‘संचारम्’ ही पळवाट बंद करतो. धर्मभेदाचा उपयोग येथे अडसर म्हणून झालेला नाही, तर तुलनेचे साधन म्हणून झाला आहे, आणि सरीफ यांच्या चित्रपटाहून हा चित्रपट श्रेष्ठ ठरतो तो या कारणाने. अम्मानची आई आणि लंडनची आई सारख्याच आकांत करतात हे सरीफ यांनीही दाखवले आहे, पण ते हशा मिळवण्यासाठी. ते साम्य का आहे हा प्रश्न त्या विचारत नाहीत.

नावांचा वाद आणि १९५४ चा कायदा

समुदाय आपल्या स्त्रियांकडे मालकीच्या दृष्टीने पाहतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. दीपा मेहता यांचा ‘फायर’ (१९९६) भारतात १९९८ च्या अखेरीस प्रदर्शित झाला आणि डिसेंबरमध्ये मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले. त्यातील दोन जावांची नावे राधा आणि सीता. हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झाली होती, तरी वाद नावांभोवतीच फिरत राहिला. नायिकांची नावे मुसलमान केली तर आपला विरोध राहणार नाही, अशा आशयाची भूमिका बाळ ठाकरे यांनी घेतल्याचे वृत्तपत्रांतून त्या वेळी प्रसिद्ध झाले. या भूमिकेत तक्रार कृत्याविषयी नाही, ते कोणाच्या अंगणात घडले याविषयी आहे. आणि त्या सबंध गदारोळात एक नाव हिंदू व एक मुसलमान असे असते तर काय, हा प्रश्न चर्चेच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. तसे झाले असते तर ते अंगण कोणाचे ठरवायचे?

कायद्याच्या क्षेत्रातही या दोन प्रश्नांची गाठ पडली आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधील प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांविषयीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवला. पुढे विवाहाच्या अधिकारासाठी याचिका आल्या तेव्हा न्यायालयाने निरनिराळ्या धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत न शिरता १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरता विचार करण्याचे ठरवले. म्हणजे भिन्नधर्मीयांसाठी केलेल्या दारावरच समलिंगी जोडप्यांना जाऊन उभे राहावे लागले. ते दार उघडले नाही. त्या कायद्यात वराचे वय एकवीस आणि वधूचे अठरा असे लिंगनिहाय लिहिले आहे. अशा तरतुदींचा नवा अर्थ लावणे म्हणजे कायदा नव्याने लिहिणे होईल आणि ते काम संसदेचे, असा निर्णय १७ ऑक्टोबर २०२३ रोजी झाला. किरण आणि डेलायला यांना आज गावाबाहेर पडून नोंदणी कार्यालयात जावेसे वाटले, तर त्यांच्यातील धर्मभेदाची सोय या कायद्याने सत्तर वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. अडथळा अर्जावरील वर आणि वधू या दोन रकान्यांचा आहे.

तिसरा शेवट

‘संचारम्’चा शेवट एका कड्यावर होतो. डेलायलाच्या लग्नाच्या दिवशी किरण धबधब्याच्या टोकाशी उभी आहे. केरळमध्ये स्त्री-स्त्री प्रेमातून घडलेल्या आत्महत्या या चित्रपटाच्या प्रेरणेत आहेत, आणि ‘सहयात्रिका’सारखी संस्था त्याच काळात तेथे अशा स्त्रियांसाठी काम करू लागली होती. त्यामुळे किरणचे त्या कड्यावरून मागे फिरणे हा प्रेक्षकाला दिलेला दिलासा नसून एका प्रचलित शेवटाला दिलेला स्पष्ट नकार आहे. ती मरत नाही. पण ती कोठे जाणार, काय करणार, कशावर जगणार, हे चित्रपट सांगत नाही. सरीफ यांनी पैशाने सोडवलेला प्रश्न पुल्लप्पल्ली यांनी उघडा ठेवला आहे. तो उघडा ठेवणे अधिक प्रामाणिक आहे, तरी उपजीविकेचा विचार न केल्याने किरणचे जगणे काहीसे काव्यात्म राहते, ही उणीव नोंदवली पाहिजे.

गंमत अशी की या उणिवेचे उत्तर सरीफ यांच्याच दुसऱ्या कृतीत सापडते. ‘द वर्ल्ड अनसीन’ ही त्यांची पहिली कादंबरी २००१ ची. तिच्यावरचा चित्रपट २००७ मध्ये पडद्यावर आला. दोन्ही चित्रपटांत लिसा रे आणि शीतल शेठ याच अभिनेत्री आहेत, मात्र भूमिकांचा स्वभाव उलटा : तालाच्या बेधडकपणात दिसलेल्या लिसा रे येथे मिरियम नावाची दबलेली गृहिणी आहेत, आणि संकोची लैला झालेल्या शीतल शेठ येथे कॅफे चालवणारी, पँट घालणारी, कोणाला न जुमानणारी अमीना आहेत. काळ १९५२, स्थळ दक्षिण आफ्रिका. दोघीही भारतीय वंशाच्या. त्यांच्यात भेद आहे तो धर्माचा नाही, रीतीभातीचा. येथे भेदाची सीमा घराने नव्हे, राज्यसत्तेने आखली आहे. गोरे आणि इतर यांच्यातील विवाह १९४९ च्या कायद्याने निषिद्ध, आणि १९५० च्या कायद्याने त्यांच्यातील शरीरसंबंध हा गुन्हा. मिरियमची नणंद रहमत हिने गोऱ्या पुरुषाशी लग्न केले आहे, म्हणून ती देशात पाऊल ठेवताच पोलीस तिच्या मागावर येतात. अमीनाचा भागीदार जेकब आणि गोरी मॅडलीन यांची ओढ एका साध्या भेटीपलीकडे जाऊ शकत नाही. स्त्री-पुरुषांची ही दोन्ही प्रेमे कायद्याच्या नजरेत भरतात. मिरियम आणि अमीना यांचे प्रेम मात्र त्या यंत्रणेला दिसतच नाही. दोघी एकाच वर्णाच्या रकान्यात आहेत. शीर्षकातील ‘न दिसलेले जग’ याचा एक अर्थ हाही घेता येतो.

पण या न दिसण्याचा फायदा मर्यादित आहे, कारण घराला ते दिसते. मिरियमचा नवरा ओमर पोलिसांपेक्षा जवळ आहे आणि त्याचा हात उगारलेला आहे. सरीफ यांच्या दोन कृतींत मला ही अधिक वजनदार वाटते ती यामुळे की येथे प्रेमाला कोणतीही गादी अंथरलेली नाही. अमीना मिरियमला मोटार चालवायला शिकवते. प्रेमप्रसंग म्हणून पाहिले तर यात फारसे काही नाही. पण दुकानाच्या मागच्या खोलीत दिवस काढणाऱ्या स्त्रीच्या हाती सुकाणूचे चाक येते. शेवटी मिरियम नवऱ्याला सांगते की ती अमीनाच्या कॅफेत नोकरी धरणार आहे. ती घर सोडत नाही, मुलांना टाकत नाही, लग्न मोडत नाही, कड्यावर जात नाही. ठरलेल्या दिवशी कामावर जायचे आणि कामाचे पैसे घ्यायचे, एवढेच ती मागते. आणि ओमरला नेमके तेच सर्वांत जड जाते.